प्रल्हादकाकांचं पहिलं मत

"काका, एकदा परत सांगतो. आत गेल्यावर आपल्या पक्षाचा मतदानाचा कागद मागायचा नाही. विरोधकांचा मागायचा."

सत्यजितने गाडी शाळेच्या पार्किंगमध्ये लावली, पण हीटर चालूच ठेवला. बाहेर जानेवारीचं बर्फ भुरभुरत होतं. शेजारी प्रल्हादकाका अमेरिकन नागरिकत्वाची शपथ घेताना घातलेला सूट घालून ताठ बसले होते. निघताना नीलाकाकूंनी हातावर दहीसाखर ठेवली होती; परीक्षेला निघालेल्या पोराच्या ठेवावी तशी! पण काकूंचंही बरोबरच होतं. इतकी वर्षं मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये काढून काकांनी भारताचा पासपोर्ट सोडला नव्हता. सोडला तो या इराकच्या युद्धापायी. त्याच्याविरुद्ध एकदा तरी मत द्यायचं, एवढ्या एका हट्टापायी. आज ते पहिलं मत.

"आणि त्यांच्यातल्या कुणाला द्यायचं?" काकांनी विचारलं. जसं काही माहीतच नव्हतं!

सत्यजितने नाव पुन्हा सांगितलं. हा माणूस टीव्हीवर दिसला की काका आवाज बंद करायचे. रिमोट सापडला नाही तर खोलीतून उठून जायचे.

"अरे, युद्ध हवंच म्हणणाऱ्यांत हाच तर सगळ्यात पुढे."

"म्हणूनच ना! आज नुसती प्रायमरी आहे काका, पक्षाचा उमेदवार ठरवायची. इथे कुणीही कुठल्याही पक्षाचा कागद मागू शकतो. हा जिंकला की त्यांची आपसातली मारामारी लांबते. नोव्हेंबरमध्ये फायदा आपल्याला. सिंपल स्ट्रॅटेजी आहे यार... सॉरी, काका." सत्यजितने जीभ चावली. "आपल्या बाजूला तसंही काय आहे? मिशिगनने तारीख अलीकडे ओढली म्हणून पक्षातल्या वरच्यांनी आपली मतं धरायचीच नाहीत असं ठरवलंय. तुमच्या आवडत्या उमेदवाराचं तर आपल्या कागदावर नावही नाही. वाया घालवण्यापेक्षा वापरू या."

मुलगा हुशार, यात वादच नाही. दिवसा सॉफ्टवेअरची नोकरी, संध्याकाळी पक्षाचं काम. महिनाभर महाराष्ट्र मंडळातल्या घराघरांत चहा पिऊन त्याने हे गणित पटवलं होतं. स्वतः अजून व्हिसावर होता, म्हणजे त्याला मत नव्हतं.

"बाकीच्यांनी केलं?"

"अतुलकाका, सुनेत्रामावशी, सगळ्यांनी. तुम्हीच राहिलात."

काका उतरले.

शाळेच्या जिममध्ये टेबलामागे मतदानाचे कागद द्यायला डोरोथी बसली होती. काकांची शेजारीण, फ्रँकची बायको. गेली पाच वर्षं दोघं कुंपणाच्या दोन बाजूंना उभं राहून या युद्धावरून भांडत आले होते. भांडून दमले की ती टोमॅटो द्यायची आणि काका मिरच्या.

"कुठल्या पक्षाचा कागद?" तिने विचारलं. विचारता विचारताच हात काकांच्या पक्षाच्या गठ्ठ्याकडे गेला होता.

काकांनी घसा खाकरला. "तुमच्या."

डोरोथीचा हात थांबला. तिने चष्म्यावरून पाहिलं, आणि मग ती अशी काही हसली की काकांना तिथून पळून जावंसं वाटलं. तिथे बसून असलं काही बोलायचं नसतं. तरी ती पुढे वाकून पुटपुटलीच, "मी फ्रँकला सांगत होते, हा माणूस प्रामाणिक आहे. एक दिवस त्याला पटेल." आणि तिने दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबला.

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. पण मागे रांग होती, आणि सांगणार तरी काय? की बाई, मला काहीही पटलेलं नाही, मी तुम्हाला फसवायला आलोय?

आडोशाला जाऊन काकांनी ते नाव शोधलं. नावापुढचा गोल काळा करायचा, त्याला असा कितीसा वेळ लागतो! काकांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. शेवटी कडू औषध घ्यावं तसं उरकून टाकलं. दहीसाखर केव्हाच चाटून झाली होती, हातही धुतले होते, तरी तळवा चिकट लागत होता. कागद यंत्रात सरकला. डोरोथीने मुद्दाम उठून 'आय व्होटेड'चा स्टिकर आणून त्यांच्या हातात दिला.

"झालं?" काका गाडीत बसताच सत्यजितने विचारलं.

"झालं."

"काका, यू आर अ स्टार! कसं वाटलं? फर्स्ट व्होट!"

काकांनी स्टिकरचा मागचा कागद सोलला, स्टिकर सत्यजितच्या जॅकेटवर छातीपाशी चिकटवला आणि वरून अंगठ्याने चांगला दाबला.

"अहो, हे काय! कुणी पाहिलं, मी बेकायदा मत दिलं असं वाटलं म्हणजे? माझं ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे!"

"असू दे. मत तूच दिलंस."

"काका, प्लीज, जोक नको."

"जोक नाही रे. माझं अजून द्यायचंच आहे."

सत्यजित घाईघाईने नखाने स्टिकर काढायला लागला. अर्धा निघाला, अर्धा कापडाला धरूनच राहिला. शाळेच्या दारातून डोरोथी हात हलवत होती. काकांनी मान खाली घालून पट्टा लावला.

"चल, काढ गाडी. काकूने शिरा केलाय, वाट बघत असेल. कुणाला मत दिलं विचारेल. काय सांगायचं, ते आता तूच ठरव."

इंजिन चालू होतं, पण सत्यजितने गिअर टाकला नाही. तो स्टिकर खरवडत बसला होता.