दोन जोडरेघा

नोराने फडकं ओढलं आणि समुद्रकाठच्या कड्यावर बसवलेल्या नव्या बाकाच्या पाठीवरची पितळी पट्टी उघडी पडली. बेरिलने चष्मा पुसला. शाळेत इंग्रजी शिकवणं सोडून कितीतरी वर्षं झाली, तरी काहीही वाचायचं म्हटलं की तिचा हात आधी लाल पेन शोधायचा.

बाक तिच्या नवऱ्याच्या, स्टॅनच्या, आठवणीसाठी होता; पट्टीवरचा मजकूर त्याने मरण्याआधी स्वतः लिहून दिला होता. ‘फॉर माय हार्ड टू प्लीज वाइफ.’ जिला काही केल्या काही पसंत पडत नाही, अशा माझ्या बायकोसाठी.

जमलेल्या मंडळींचे थर्मासमधला चहा ओतणारे हात थांबले.

पहिल्या प्रेमपत्रापासून फ्रिजवरच्या ‘दूध संपलंय’पर्यंत स्टॅनचं सगळं लिखाण बेरिलने तपासलं होतं. तो हसून चिठ्ठी परत घ्यायचा. ते हसू खरं होतं का, हे तिने कधी विचारलं नाही. आता विचारायला तो नव्हता. आणि उत्तर मिळालं ते असं, पितळेत कोरलेलं, चारचौघांत!

“चुकलंय,” ती म्हणाली.

“अगं, जाऊ दे,” नोरा घाईने म्हणाली. ती बेरिलची नणंद. “माझा भाऊ पहिल्यापासून वात्रट. मनाला लावून घेऊ नकोस.”

“वर्णन बरोबर आहे गं. चिन्हं चुकलीत. ‘हार्ड टू प्लीज’ हे तीन शब्द मिळून पुढच्या बायकोचं वर्णन करतात, तेव्हा मध्ये जोडरेघा हव्यात. दोन. जन्मभर सांगत आले या माणसाला!”

“पुढची बायको कुठली? एकच पुरली बिचाऱ्याला.”

पट्टी कोरणारा कॉलिन पुढे झाला. एकेकाळी तो बेरिलच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा. त्याने खिशातून कोरणी काढून तिच्यापुढे धरली.

“घ्या, बाई. स्टॅन म्हणाले होते, त्या शब्दांमध्ये जरा जास्त जागा सोड. रेघा ती स्वतः मारेल.”

बेरिलने वाकून पाहिलं. दोन्ही फटी बाकीच्यांपेक्षा रुंद होत्या. फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतही जागा अशीच सुटलेली असायची.

पहिली रेघ तिने सरळ ओढली. दुसरीच्या वेळी चष्म्याआड सगळं धूसर झालं.

“शी! वाकडी आली,” ती नाक ओढत म्हणाली. “मला नाही पसंत.”