साहेबांचं इंजिन पुरं झालं

साहेबांनी चावी फिरवली आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. धूर नाही, खोकला नाही, थरथर नाही. त्यांनी पाण्याने भरलेला पेला इंजिनवर ठेवून पाहिला. पाणी जेमतेम हललं. "झालं," ते म्हणाले आणि हातातला पाना खाली ठेवला. ऐकायला गॅरेजमध्ये कुणीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा जरा मोठ्याने म्हटलं.

गाडी जुनी होती, आणि तिच्या इंजिनात आता मूळचं म्हणावं असं फक्त नंबर खोदलेलं बूड उरलं होतं. सिलिंडर हेड एका उलटलेल्या व्हॅनचं. रेडिएटर मोडीत निघालेल्या रुग्णवाहिकेचा. कार्बोरेटर एका बड्या गाडीचा, जिचा पुढचा भाग शाबूत होता आणि मागचा शोधूनही सापडला नव्हता. दर रविवारी साहेब जुनी टोपी घालून भंगारवाल्याकडे जात. तो त्यांना बसायला मोटारीची सीट देई, चहा देई, आणि निघता निघता डोकं खाजवत म्हणे, "हेड मोठं बसवलंत साहेब, झकास केलंत. पण जुना रेडिएटर त्याला पुरेल का हो?" झालं. साहेबांचा पुढचा महिना रेडिएटरमध्ये जाई.

बाई यावर उघड उघड करवादत. "या भंगारवाल्यानं माझ्या संसाराचं वाटोळं केलं," असं त्या जिन्यात भेटेल त्या शेजारणीला सांगत. शेजारणी हळहळत आणि आपापल्या नवऱ्यांना भंगारवाल्यापासून चार हात लांब ठेवत.

साहेबांनी आयुष्यभर एका कारखान्यात सुधारणा विभाग सांभाळला होता. निवृत्त झाल्यावर काही महिने ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून नुसते खिडकीशी बसून राहिले. मग एके दिवशी साहेबांचं लक्ष घराकडे गेलं. आधी त्यांनी मिक्सर सुधारला. त्याच्या झाकणाचा वण छतावर अजून आहे. नळ सुधारला, खालच्या मजल्यावरचे लोक बादल्यांनी पाणी उपसत होते. दाराची कडी तर अशी सुधारली, की दोघं संध्याकाळपर्यंत आत अडकून पडले. माणूस मनाने सोन्यासारखा, आणि सगळा घोळ तिथेच होता. 'नको' म्हटलं, की ते पुन्हा खिडकीशी जाऊन बसत. ते बाईंना बघवत नसे.

एक वस्तू तेवढी बचावली होती, बाईंचं शिलाई मशीन. पडदे, गणवेश, सोफ्याची कव्हरं, जे मिळेल ते शिवून बाईंनी त्या मशीनवर बाजारात नाव कमावलं होतं. साहेबांनी एकदा त्याला जुन्या फ्रीजची मोटर जोडायचं बोलून दाखवलं, तेव्हा बाई अर्ध्या जेवणावरून उठल्या. पण त्याच आठवड्यात मिक्सरचे अवशेष न्यायला भंगारवाला आला. खाली उभ्या असलेल्या गाडीकडे बघून तो सहज म्हणाला, "साहेब, हिच्या इंजिनातून अजून बराच दम निघेल." मोटरचा विषय मागे पडला तो पडलाच.

साहेब हात पुसत वर आले. बाई खोलीभर पसरलेल्या निळ्या मखमलीत बसल्या होत्या. नाट्यगृहाचे पडदे होते. एवढं मोठं काम त्यांना पहिल्यांदाच मिळालं होतं, आणि ते बिघडलं असतं तर पुन्हा कुणी दारात उभं केलं नसतं.

"झालं गं," साहेब म्हणाले. "इंजिन पुरं झालं. आता रविवार बंद आणि भंगारही बंद. फार त्रास दिला तुला."

मशीनच्या पायडलवरचा बाईंचा पाय थांबला.

साहेबांनी मशीनकडे पाहिलं. खाली वाकून त्याचा पट्टा बोटाने ताणून बघितला. "याला पिकअप असा नाहीच," ते मायेने म्हणाले. "उद्या सकाळी खोलू. फ्रीजची मोटर आहेच ठेवलेली. मखमल कशी लोण्यासारखी जाईल बघ."

"अहो, पण पडदे…"

"पडद्यांसाठीच तर म्हणतोय."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून साहेबांनाही भरून आलं. बायकोसाठी आपण हे फार आधी करायला हवं होतं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. ते शीळ घालत अंघोळीला गेले.

न्हाणीघराचं दार लागल्याचा आवाज आला तसा बाईंनी फोन उचलला.

"भाऊ, मी बोलतेय," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "इंजिन झालं म्हणतायत. उद्या माझं मशीन खोलणार."

"ताई, तुम्ही निवांत शिवत बसा," पलीकडून भंगारवाला म्हणाला. "त्या इंजिनाला दुसरा कार्बोरेटर बसतो, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. गणवेशांच्या वेळी रेडिएटर दिला होता, तसंच करू. पडदे केवढे आहेत तेवढं सांगा, म्हणजे त्या मानाने गंजलेला बघून ठेवतो."