व्हर्नाची सायकल

"गिअर नकोतच मला," रोबिन म्हणाली. "स्वस्तातली एखादी द्या. संध्याकाळी किनाऱ्याने रमतगमत फिरायचंय, शर्यत नाही जिंकायची."

"मग बरोबर दारात आलीस," लॉयड पेंगली म्हणाला. "शर्यत जिंकणारं इथे काहीच नाही. मालकासकट."

लोकांनी भंगारात टाकलेल्या सायकली लॉयड उचलून आणायचा, जुळवायचा आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमधून विकायचा. शेडच्या दारात त्याची म्हातारी कुत्री आडवी पसरली होती.

"सरक गं, टिली," म्हणत रोबिन तिला ओलांडून आत आली.

लॉयडने हात पुसले, फडकं खाली ठेवलं आणि एक हिरवी सायकल पुढे ओढली.

"ही बघ. टायर रुंद आहेत, वाळूत रुतणार नाहीत. हँडल उंच, म्हणजे पाठ ताठ राहते. तुझ्यासारख्या उंच बाईला अगदी बरोबर." त्याने पुढचं चाक उचलून फिरवलं. "स्वस्तातली घेताना रंग बघू नये. चाक डुगडुगतंय का ते बघावं. इथे राहायला आलीस का?"

"विचार चाललाय."

तिचं चाकाकडे लक्ष नव्हतं. भिंतीला टेकून एक सायकल चादरीखाली उभी होती. खालून निळा मडगार्ड दिसत होता.

"ती?"

"ती विकायची नाही. बायकोची आहे." लॉयड थांबला. "होती."

मग त्यानेच सांगितलं. तीन वर्षांपूर्वी, हिवाळ्यातल्या एका सकाळी ही सायकल धक्क्याच्या टोकाला सापडली. नीट स्टँडवर लावलेली, पुढच्या वेताच्या टोपलीत व्हर्नाचे बूट. पोलिसांच्या बोटी खाडीभर फिरल्या. काही हाती लागलं नाही. शेवटी शवपेटीशिवायच प्रार्थना झाली.

"पोहता येत नव्हतं त्यांना?"

"व्हर्नाला? गावातल्या अर्ध्या पोरांना तिनेच शिकवलंय पोहायला."

रोबिनने हिरव्या सायकलची सीट उगाच दाबून बघितली.

"दक्षिणेचा वारा सुटला की हिची घंटी वाजते," लॉयड म्हणाला. "शेड बंद असते, तरी वाजते. मी उठून येतो, दिवा लावतो. कोणी नसतं. शेजारची ग्लेनिस म्हणते, सायकल विकून टाक, म्हणजे व्हर्ना सुटेल."

"तुम्हाला काय वाटतं?"

"मी तेव्हा प्यायचो." तो तिच्याकडे न बघता बोलत होता. "माझा आवाज चढला की ती भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच, पुन्हा. कधीकधी नुसता आवाजच चढायचा असंही नाही. आता थेंबाला शिवत नाही. पण आता कोणाला सांगू?"

टिली उठली. खाण्याशिवाय ती हल्ली कशासाठीच उठत नसे. तिने रोबिनच्या स्वेटरच्या बाहीत नाक खुपसलं, हुंगलं, पुन्हा हुंगलं आणि बारीक आवाजात रडायला लागली. शेपटी पत्र्यावर आपटत होती. रोबिनने हात सोडवायचा प्रयत्न केला. टिली सोडेना.

"कुत्र्यांना आवडते मी," रोबिन म्हणाली.

"टिलीला कोणीच आवडत नाही."

लॉयड त्या बाहीकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने स्वतःच चादर ओढली, चाकांत हवा भरली आणि सायकल तिच्या हातात दिली.

"एक चक्कर मारून ये."

ती धक्क्यापर्यंत गेली आणि वळली. सूर्य पाण्यावर टेकला होता. इकडून फक्त सायकलवरच्या बाईची काळी आकृती दिसत होती. घंटी वाजली.

कुंपणापलीकडे धुण्याची टोपली पडली. "अरे देवा! लॉयड! ती बघ व्हर्ना!"

"गिऱ्हाईक आहे, ग्लेनिस."

"मेल्या, माझा जीव गेला असता की!" ग्लेनिस कुंपणाला धरून हसली. "घालव बाबा ती सायकल. गेलेल्या माणसाला असं बांधून ठेवू नये."

"घालवतोय."

रोबिन परत आली तेव्हा तिला धाप लागली होती. डोळे ओले होते. वाऱ्याने असतील.

"लहान पडते तुला," लॉयड म्हणाला. "गुडघे हँडलला लागतात. त्याच पैशात हिरवी घे ना."

"हीच हवी."

"रमतगमत फिरायला?"

"हो."

साठ डॉलर त्याने न बघताच खिशात घातले. सायकल त्यानेच तिच्या पिकअपमध्ये चढवली. रंग खरवडला जाऊ नये म्हणून चादर घडी करून खाली घातली आणि दोरीच्या गाठी दोनदा ओढून बघितल्या. टिली गाडीत चढायला धडपडत होती. त्याने तिचा पट्टा घट्ट धरला.

ग्लेनिस ओले कपडे गोळा करून आत गेली. रोबिनने गाडी सुरू केली. लॉयड खिडकीशी वाकला.

"टिलीचं नाव मी तुला सांगितलं नव्हतं, आणि तुझ्या बाहीत तिला कोणाचा वास आला तेही कळलं. व्हर्ना कुठे राहते ते मला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "तिला फक्त एवढंच सांग, ती बुडाली असंच मी गावाला सांगत राहीन."