ऑपरेटरांची परीक्षा

“पाहुण्यांना मधली खुर्ची द्या,” ऑपरेटर म्हणाले आणि स्वतः टीव्हीकडे जवळजवळ पाठ करून बसले.

त्यांची उभी हयात थिएटरात प्रोजेक्टरमागे गेली होती. सिनेमा लागला की ते सिनेमा बघत नसत, बघणाऱ्यांना बघत. आणि घरचा नियम ठरलेला : ‘तो’ जुना हिंदी सिनेमा बघून ज्याच्या डोळ्यांत पाणी येणार नाही, त्याला मुलगी द्यायची नाही.

“मोठे जावई तर नावं पडायला लागली तेव्हापासूनच रडत होते,” ऑपरेटरीणबाई म्हणाल्या.

“ते बाबांच्या धाकानं गं, आई,” धाकटी म्हणाली. तिनं पसंत केलेला मुलगा सातासमुद्रापलीकडचा, गोरापान, आणि परीक्षा हिंदीत.

सिनेमा सुरू झाला. ऑपरेटर कौतुकानं एकेक प्रसंग समजावत होते, धाकटी ते त्याच्या भाषेत सांगत होती. पाहुणा शहाण्यासारखा मान डोलवत होता. पण गाणी झाली, मध्यंतर झालं, तरी डोळे कोरडे ठणठणीत. वर हा पठ्ठ्या टीव्हीपेक्षा सासऱ्यांकडेच जास्त बघत होता.

“समोर बघ म्हणावं त्याला,” ऑपरेटरीणबाई कुजबुजल्या.

शेवट आला. स्टेशनमास्तरचा मुलगा धापा टाकत फलाटावरून धावतोय, आणि बाप त्याच्यासाठी गाडी क्षणभरही न थांबवता हिरवा झेंडा दाखवतोय. ऑपरेटरांनी हा प्रसंग शेकडो वेळा लोकांना दाखवला होता. तरी त्यांचा बांध फुटलाच.

“असा सिनेमा जगात दुसरा नाही,” ते चष्मा पुसत म्हणाले. चष्मा लावून बघतात तर काय, पाहुण्याच्या गालांवरून धारा लागलेल्या.

“पास!” त्यांची छाती अभिमानानं फुगली. “माणूस कुठलाही असो, आमच्या सिनेमापुढे रडणारच!”

धाकटीनं आईला मिठी मारली. पाहुणा डोळे पुसत गॅलरीत गेला आणि त्यानं आपल्या देशात, आपल्या आईला फोन लावला.

“सासरे रडले?” तिनं आधी तेच विचारलं.

“रडले.”

“कुठे? इथल्या थिएटरात अख्खं गाव रडायचं तिथे, झेंडा दाखवतो तेव्हा?”

“तिथेच.”

“मग खुशाल कर लग्न. तो झेंडा बघून जे रडत नाहीत, त्यांच्या घरात मी माझा मुलगा दिला नसता.”