पंख्यात अडकलेलं जाळं

"उत्तरेला या, नाहीतर गोळी घालू," उत्तरेकडच्या युद्धनौकेने वायरलेसवर बजावलं.

"उत्तरेला वळलात तर तुम्हालाही शत्रू समजू," दक्षिणेकडची युद्धनौका लगेच म्हणाली. आखातात दोन देशांची जुंपली होती, आणि मधोमध हसुराम तांडेलांची मासेमारी बोट जाळं टाकून उभी होती.

"कोणाचं ऐकायचं, तात्या?" खलाशी दामाने हसुरामना विचारलं.

"कोणाचंच नको. पश्चिमेला पळू. जाळं ओढायला तास जाईल. काप!"

दामाने कोयत्याने दोर तोडला. तोडलेलं जाळं बुडेपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, हे तीस वर्षं खलाशांना शिकवणाऱ्या तात्यांनीच घाईत बोट वळवली. जाळं बोटीखालच्या पंख्यात गुरफटलं आणि इंजिन बंद पडलं.

तात्यांनी वायरलेस उचलला. "साहेब, पंख्यात जाळं अडकलंय. आम्ही हलू शकत नाही."

"मग हलताय कसे?" दक्षिणेकडून आवाज आला.

"आम्ही नाही साहेब, पाणी हलतंय."

प्रवाह बोटीला उत्तरेकडे नेत होता, आणि दक्षिणेकडच्या युद्धनौकेची तोफ बोटीबरोबर हळूहळू वळत होती.