धुराडे

डिलियाबाईंच्या धुराड्यातून सकाळी धूर निघालेला दिसला, की शेतापलीकडचा फिंटन निश्चिंत मनाने गाईंचे दूध काढायला जाई. लिट्रिममधल्या आमच्या वस्तीत एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची खबर अशीच ठेवतात. मागच्या हिवाळ्यात एके दिवशी धूर दिसेना, म्हणून तो धावत गेला. शेगडीपुढे डिलियाबाई खुबा मोडून पडल्या होत्या. तो वेळेवर पोहोचला, म्हणूनच त्या वाचल्या.

पुढे तुटपुंज्या पेन्शनवर जगणाऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेतून त्यांना हीट पंप फुकट मिळाला. बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणणारे ते यंत्र मी स्वतः बसवले आणि ऊब वर निघून जाऊ नये म्हणून नियमानुसार धुराडे बंद केले.

"म्हणजे आता राख काढायला वाकायचं नाही?" डिलियाबाईंनी विचारले.

"अजिबात नाही."

"मग हा फिंट्या रोज उठून माझ्या छपराकडे टक लावून बसतो, तो आता काय बघणार?"

"गाईंकडे बघेन, बाई," फिंटन हसत म्हणाला. "त्या तुमच्यापेक्षा कमी बोलतात."

फेब्रुवारीत डिलियाबाई पुन्हा पडल्या. धूर दिसला नाही, पण तो आता कोणालाच दिसणार नव्हता. रविवारी चर्चमधली त्यांची जागा रिकामी राहिली, तेव्हा कुठे आम्ही जाऊन दार फोडले.



यंत्र अगदी चोख चालू होते. घर इतके उबदार होते, की आत पाऊल टाकताच आम्हाला नाकाला रुमाल लावावा लागला.