एमव्हीएस एकसष्ट

"गाडी विकली की नंबरही तिच्याबरोबर गेला. कायदाच आहे तसा," जुन्या गाड्यांचा व्यापारी टेरी बॉनेट आपटत म्हणाला. "तुम्हाला तो ठेवायचाय ना, मग विकायच्या आधी कागद करून आणा. महिनाअखेरपर्यंत थांबतो. मग माझा रस्ता वेगळा, तुमचा वेगळा."

ग्रॅहमला किल्ली त्याच्या तोंडावर फेकावीशी वाटली. पण त्या खटाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळणार नव्हतं. तळ गंजून गेलेला, तपासणीत गाडी सपशेल नापास. आता ती रस्त्यावर आणायचीही सोय उरली नव्हती.

गाडी त्याच्या वडिलांची. सिरिल हॅटर्सली, जन्मभर हॅलिफॅक्सच्या बस डेपोत मेकॅनिक. निवृत्त झाल्यावर त्यांनी आयुष्यातली एकमेव चैन केली आणि तो नंबर विकत घेतला. एमव्हीएस म्हणजे मेव्हिस, ग्रॅहमची आई, आणि एकसष्ट हे लग्नाचं साल. पुढे मेव्हिस गेली, घर गेलं, आणि सिरिल टेकडीवरच्या वृद्धाश्रमात दुसऱ्या मजल्यावर राहायला गेले. राहिली ती गाडी. "ती आहे तोवर मी आहे," असं ते म्हणाले होते, आणि विकणार नाही म्हणून ग्रॅहम शब्द देऊन बसला होता.

दर रविवारी तो ती गाडी टेकडीवर चढवून त्यांच्या खिडकीखाली लावायचा. जिने चढून खोलीत पोचेपर्यंत म्हातारा खिडकीशी खुर्चीत बसून हसत असायचा. "आली बघ माझी एमव्हीएस एकसष्ट." मग चहा, मग ग्रॅहमने पेपरातले फुटबॉलचे निकाल वाचून दाखवायचे, कारण चष्मा कधी जागेवर सापडायचा नाही.

मध्ये एकदा ते म्हणाले, "सायलेन्सरची पट्टी तुटलीय रे." ग्रॅहमने खाली येऊन वाकून बघितलं, तर खरंच तुटलेली. दुसऱ्या मजल्यावरून, शहाऐंशीव्या वर्षी! म्हाताऱ्याची नजर घारीची. त्यांना फसवायचं तर रंग तोच हवा आणि नंबर तर तोच हवाच.

रंगाचं जमलं. नवी गाडी त्याच गडद हिरव्या रंगात मिळाली. बाकी सगळं लॉरेनच्या, म्हणजे बायकोच्या, पसंतीने झालं. "पेट्रोल नको आता, त्या वासाने माझं डोकं उठतं," म्हणून तिने विजेवरची घ्यायला लावली. ती गाडी दारात उभी होती. अडलं होतं ते नंबराचं.

वाहन नोंदणी कार्यालयाला फोन लावला की आधी बराच वेळ पिपाणीसारखं संगीत वाजायचं. मग एक गोड बाई यायची.

"गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच फोन द्या, सर."

"ते वृद्धाश्रमात आहेत. त्यांचे सगळे व्यवहार मीच बघतो."

"हो, पण त्यांच्याशी दोन शब्द बोलले असते तर..."

"बाई, त्यांना कळू नये म्हणूनच तर चाललंय सगळं."

"म्हणजे मालकांना न सांगता, सर?"

ग्रॅहमने फोन ठेवला आणि टेबलाला लाथ घातली. अंगठा दिवसभर ठणकत होता. मग मुखत्यारपत्राची प्रत पाठवली, ती परत आली. एक सही राहिली होती. सही करून पाठवली, तर आता आधीचा अर्जच सापडेना. उगाच हेलपाटे. त्यात दोन रविवार बुडाले. आपल्याला सर्दी झालीय अशी थाप डॅडना मारली आणि थाप मारल्याची लाजही वाटली.

"अरे, खरं काय ते सांगून टाक ना त्यांना," लॉरेन म्हणाली. "एका पत्र्यापायी किती जीव जाळशील?"

"सांगितलं आणि त्यांनी हाय खाल्ली तर? तू येशील निस्तरायला?"

तिचंही चुकत नव्हतं, पण ग्रॅहम आता कुणाचं ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी पाकीट आलं. नंबर सुटला होता. जुन्या गाडीला कुठलातरी बेचव नंबर मिळाला आणि नेहमीसारखी खोकणारी ती गाडी टेरीने आपल्या ट्रकवर चढवली. "नंबर तरी वाचला," ग्रॅहम स्वतःशीच म्हणाला, आणि ते त्याला खरंही वाटलं.

रविवारी सकाळी त्याने नव्या गाडीवर जुन्या प्लेटा बसवल्या, घासून पुसून लख्ख केल्या. टेकडी चढून गाडी बरोबर खिडकीखाली लावली, नंबर वरून नीट दिसेल अशी. एकदा मान वर करून बघितलं. म्हातारा खिडकीत होता, तोंड खाली रस्त्याकडेच. आता एक तर ते फसले, नाहीतर आपण पकडले गेलो.

तो जिने चढला. दार हळूच उघडलं. सिरिल पाठमोरे बसले होते, काचेला जवळजवळ नाक लावून. त्यांच्या खांद्यावरून ग्रॅहमला खाली उन्हात एमव्हीएस ६१ स्पष्ट वाचता येत होतं. तो वाट बघत राहिला. म्हातारा काहीच बोलेना.

शेवटी न राहवून तो म्हणाला, "डॅड."

सिरिल दचकून वळले. त्यांची नजर ग्रॅहमच्या खांद्यापलीकडे, दाराच्या चौकटीवर कुठेतरी थांबली.

"ग्रॅहम? तू कधी आलास रे? मघापासून रस्त्याला कान लावून बसलोय मी. आज बसने आलास होय?"